मॅकबेथच्या घशात अडकलेलं 'आमेन'
शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' नाटक परत वाचलं आणि परत तिथेच थांबले, राजा डंकनचा खून करून मॅकबेथ बाहेर येतो, हात रक्ताने माखलेले, आणि बायकोला सांगतो काय तर आतले दोघं झोपेतून उठून प्रार्थना करत होते आणि मला 'आमेन', म्हणजे प्रार्थनेच्या शेवटचं 'तथास्तु', म्हणताच आलं नाही, शब्द घशातच अडकला. मला तर इथे भरूनच येतं. मुळात वाईट नाहीये हो हा माणूस, राजासाठी जिवावर उदार होऊन लढलेला, आणि डंकन आपला नातेवाईक आहे, पाहुणा आहे, राजा म्हणूनही चांगला आहे हे सगळं खुनाआधी त्याने स्वतःच बोलून दाखवलंय! मारायला कारण फक्त महत्त्वाकांक्षा, हेही त्यालाच कळतं. पुढे सोबत लढलेल्या बँकोवर मारेकरी घालतो, सरदार मॅकडफची बायकोपोरं संपवतो, तेव्हा मात्र घशात काहीच अडकत नाही.