साडेतीन लिटरचा कॅन

बाबांची गाडी आता मी चालवते. २०१३ची, बाराशे सीसीची पेट्रोल, रनिंग ६१ हजार. बाबांचा डावा गुडघा क्लच दाबताना कुरकुरायला लागला तेव्हा किल्ली माझ्याकडे आली आणि तिच्यासोबत सर्व्हिसिंगही. पहिल्यांदा गाडी टाकायला निघाले तेव्हा बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "ऑइलचा ग्रेड विचारून घे."

विचारला. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने जॉब कार्डवर तीन गोष्टी आधीच लिहून ठेवल्या होत्या. सिंथेटिक म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं महागडं ऑइल, इंजिन आतून धुणारा फ्लश आणि ऑइलमध्ये मिसळायची कसलीशी बाटली. अंदाज साडेआठ हजारांचा.

"ग्रेड कुठला?"

"सिंथेटिक, मॅडम."

"ते कळलं. ग्रेड?"

त्याने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, "मॅडम, सरांशी बोलणं करून देता का?" सर म्हणजे नेमकं कोण, हे मी विचारलं नाही. गाडी घेऊन घरी आले. गेल्या वर्षीचं बिल काढलं तर त्यावरही नुसतं 'इंजिन ऑइल'. बॅरलमधून पंपाने भरलेलं, त्यामुळे कॅन पाहिल्याचंही कुणाला आठवेना.

मग डॅशबोर्डच्या कप्प्यातून पीयूसीच्या जुन्या चिठ्ठ्यांखाली दबलेलं गाडीचं पुस्तक काढलं. दहा वर्षांत ते कुणी उघडलं नसावं, पानं एकमेकांना चिकटली होती. ऑइलचं पान सापडलं. ग्रेड ५डब्ल्यू-३०, दर्जा एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन किंवा त्यापुढचा, प्रमाण फिल्टरसकट ३.१ लिटर. बदलायचं दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा. सिंथेटिकच हवं असं कुठे नाही. फ्लशचा तर उल्लेखच नाही.

डब्ल्यू म्हणजे वेट, वजन, असं मी समजत होते. तो विंटरचा निघाला. ५डब्ल्यू म्हणजे उणे ३० अंशांच्या गारठ्यातही इंजिन फिरवता येईल इतपतच ते घट्ट होतं. १५डब्ल्यूला ही परीक्षा उणे २०ला असते. पुण्यात जानेवारीत आठ अंशांवर आलं तरी आपण शेकोट्या पेटवतो, त्यामुळे हे वाचून आधी हसूच आलं. पण मुद्दा बर्फाचा नाहीच. रात्रभर ऑइल इंजिनाच्या तळाशी, चेंबरमध्ये उतरून बसलेलं असतं, आणि सकाळी ते जितकं पातळ तितकं वर लवकर पोचतं. मागचा ३० हा आकडा तापलेल्या इंजिनातला, १०० अंशांवरच्या दाटपणाचा. ३०पेक्षा ४० दाट, ४०पेक्षा ५०.

एपीआयची अक्षरं त्यामानाने सोपी. एस पेट्रोलसाठी, सी डिझेलसाठी, आणि दुसरं अक्षर एबीसीडीत जितकं पुढचं तितका दर्जा नवा. एसएन २०१०चा, एसपी २०२०चा. मधलं एसओ का गाळलं ते त्यांनाच ठाऊक. पुस्तकात एसएन असेल तर एसपी बिनधास्त चालतं.

आता गॅरेज. बाबांच्या चेतकपासूनचे मेकॅनिक चाचा आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी ऑइल मोजायची काडी ओढून ऑइल बोटांत चोळलं आणि निकाल दिला, "बेटा, गाडी जुनी झाली. आता जाड ऑइल टाकायचं. ट्वेंटी-फिफ्टी."

हे मी आधीही दहा जणांकडून ऐकलं होतं. चाचांचं चूकही नव्हतं, पण त्यांचा हात बसला होता पद्मिनी आणि अॅम्बॅसॅडरवर. त्या इंजिनांत बेअरिंगच्या फटी मोठ्या, तिथे २०डब्ल्यू-४० चाललं, लागलंही. आजच्या इंजिनात ऑइलच्या वाटा बारीक, आणि काही गाड्यांत तर व्हॉल्व्हचं टायमिंगसुद्धा ऑइलच्याच प्रेशरवर हलतं. तिथे दाट ऑइल उशिरा पोचतं. इंजिन ऑइल खायला, म्हणजे जाळून कमी करायला लागलं असेल तर एक ग्रेड वर जाण्यात अर्थ आहे, हे मलाही पटतं. म्हणून मी विचारलं, "चाचा, आपली गाडी ऑइल खाते का?"

त्यांनी काडी परत पाहिली. वर्षभरानंतरही ऑइल दोन खुणांच्या मधोमध होतं. "नाही खात."

"मग फाइव्ह-थर्टीच टाकू."

"टाक. आवाज आला तर मला नको सांगू."

ऑइल आणायला नाना पेठेत गेले. दुकानदाराने तीन कंपन्यांचे कॅन काउंटरवर मांडले, तिन्ही ५डब्ल्यू-३० एसपी, एक सेमी-सिंथेटिक आणि दोन फुल. एकदा सिंथेटिक टाकलं की परत साध्यावर येता येत नाही का, असं विचारलं तर तो हसला. येता येतं. ही ऑइलं एकमेकांत मिसळतात, भांडत नाहीत. आमची गाडी वर्षाला जेमतेम चार हजार चालते, त्यातली निम्मी भाजी आणायला. अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, आतला दमटपणा आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. म्हणजे किलोमीटर भरोत न भरोत, वर्षाने बदलायचंच. मग दहा हजारांपलीकडे टिकणाऱ्या ऑइलचे पैसे कशाला? सेमी घेतलं. साडेतीन लिटरचा कॅन, फिल्टर आणि चेंबरच्या बोल्टचा वॉशर. झाकणाची रिंग शाबूत आहे ना ते पाहिलं, बॅच नंबर बिलावर लिहून घेतला. निघताना तो म्हणाला, "ताई, रिकामा कॅन भंगारात देताना भोक पाडून द्या. नाहीतर तोच भरून परत बाजारात येतो."

गाडी दहा मिनिटं चालवून, ऑइल कोमट करून चाचांनी खड्ड्यावर घेतली. रिंग पान्याने बोल्ट ढिला केला, शेवटचे दोन आटे हाताने सोडले आणि मनगट चटकन बाजूला घेतलं. काळीभोर धार आधी तिरपी, मग सरळ, मग थेंब थेंब. धार संपल्यावरही त्यांनी घाई केली नाही, बिडी संपेपर्यंत ठिबकू दिलं. फिल्टर काढल्यावर इंजिनाच्या बाजूला बोट फिरवून पाहिलं. जुन्या फिल्टरचं रबर कधीकधी तिथेच चिकटून बसतं, त्यावर नवा कसला की ऑइल गळायला लागतं. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावलं आणि नुसत्या हाताने कसला. बोल्टला मात्र जुनाच वॉशर घालत होते. मी नवा पुढे केला. तो दाबून पत्र्यासारखा झालेला वॉशर त्यांनी उन्हात धरून पाहिला आणि काही न बोलता फेकला.

एवढ्यात त्यांना फोन आला. म्हणाले, "थांब, आलोच." मी थांबले नाही. इतकं सगळं वाचून आले होते, नरसाळं समोर होतं, बोनेट उघडं होतं. ओतलं. सगळा कॅन.

दुसऱ्या दिवशी सकाळी सपाट जागी काडी पुसून परत घातली, तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. ३.१ हा आकडा मला तोंडपाठ होता, हो. कॅन साडेतीनचा होता हेही माहीत होतं. पण डाळीचं पाकीट फोडावं तसा मी तो रिकामा केला होता. ऑइल जास्त झालं की खाली फिरणारा क्रँक त्यात बुडतो आणि ताक घुसळावं तसा फेस काढतो. फेसातल्या हवेला ना प्रेशर धरता येतं, ना धातू वेगळे ठेवता येतात.

चाचांकडे जायची लाज वाटली. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सलाईनची नळी आणि ५० मिलीची सिरिंज आणली. दुकानदाराने काळजीने विचारलं, "पेशंट कोण आहे घरात?" गाडी, म्हणाले. काडीच्या भोकातून नळी सोडली आणि ओढायला लागले. थंड ऑइल इंचभरही हलेना. गाडी पाच मिनिटं चालू ठेवली, बंद करून थोडं थांबले, मग मात्र मधासारखं वर यायला लागलं. एक सिरिंज, दोन, आठ. चारशे मिली. काडीवरची रेघ बरोबर वरच्या खुणेला टेकली.

आवाज आला नाही. उलट सकाळी सुरू करताना टॅपेटची जी टकटक व्हायची ती लवकर थांबते. अॅव्हरेज होतं तेवढंच आहे, वाढलं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. जुनं ऑइल चाचांच्या पिंपात गेलं. रिसायकलवाला येऊन नेतो. आमच्या लहानपणी जळकं ऑइल वाळवीला म्हणून दाराच्या चौकटींना फासायचे, आता कायद्याने तो घातक कचरा आहे.

बाबांनी गाडीच्या डायरीत तारीख आणि किलोमीटर लिहिले, ग्रेडही लिहिला. मग उठून खाली गेले. संध्याकाळी बोनेट उघडलं तर आतल्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीवर त्यांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं दिसलं, "३.१. कॅन साडेतीनचा असतो."