कॅल्क्युलेटर नोंदी: आधी ३० की आधी साइन?

जुना कॅसिओ एफएक्स-८२ पुन्हा चालू झाला! रत्नागिरीच्या खाऱ्या हवेने सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढला होता. व्हिनेगरचा बोळा फिरवला, मग स्पिरिटने पुसून बारीक पॉलिश पेपरने घासलं. आकडे स्वच्छ उमटतायत. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी सेल काढूनच ठेवावेत.

आता घरातल्या सगळ्यांना एकच हिशेब देता आला: १२ पेट्या २४०० ने आणि ७ पेट्या १८०० ने. उत्तर ४१,४००.

आत्याचा आंब्याचा धंदा, तिचा साधा दुकानी कॅल्क्युलेटर. १२ × २४०० एम+ (उत्तर मेमरीत मिळवा), ७ × १८०० एम+, एमआर (मेमरीतली बेरीज दाखवा). बोटं न बघता चालतात. एम+ न वापरता हेच सरळ ओळीत दाबलं तर हे यंत्र २८,८०० मध्ये ७ मिळवून त्याला १८०० ने गुणतं आणि ५,१८,५२,६०० दाखवतं. काका मर्चंट नेव्हीतले, त्यांचा १९८१ साली आलेला एचपी-११सी, आरपीएनवाला, म्हणजे आधी आकडे आणि मग क्रिया; बरोबरच्या चिन्हाचं बटणच नाही. १२ एंटर २४०० ×, ७ एंटर १८०० ×, +. पहिला २८,८०० स्टॅकमध्ये, म्हणजे यंत्रातल्या आकड्यांच्या चळतीत, वर सरकतो आणि १२,६०० तयार होईपर्यंत तिथेच थांबतो. पुतणी डिप्लोमाला, तिच्या कॅसिओ एफएक्स-९९१ईएसवर वहीत लिहितो तसंच सगळं लिहायचं.

बटणं मोजली. आत्या १६, काका १६, पुतणी १५. म्हणजे आरपीएनमध्ये बटणं वाचतात हा आपल्या कॅल्क्युलेटरवेड्यांतला लाडका मुद्दा इथे तरी टिकत नाही. फरक दिसण्याचा आहे. आत्या म्हणाली, "प्रत्येक भावाचे वेगळे पैसे दिसले पाहिजेत रे, नुसता शेवटचा आकडा काय करायचा?" काकांचंही तेच म्हणणं. पुतणीला उलट पूर्ण ओळ समोर हवी, चुकलं तर बाण मागे नेऊन एक आकडा बदलता येतो.

खरी गंमत साइनची. ३० अंशांचा साइन काढायला दुरुस्त केलेल्या एफएक्स-८२ वर आधी ३०, मग साइन. काकांच्या एचपीवरही तेच. ९९१ईएसवर आधी साइन. मी जुन्या ८२ वर शिकलो, त्यामुळे बेरीज-गुणाकारात पुतणीच्या बाजूचा आणि साइन, वर्गमूळ आलं की काकांच्या बाजूचा. आरपीएनविरुद्ध बीजगणिती (वहीत लिहितो तशी पद्धत) अशी सरळ दोन गटांची वाटणी म्हणूनच मला पटत नाही. आमची मधली पिढी दोन्हींत आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

पुतणीच्या मोबाइलवर फ्री४२ हे आरपीएन कॅल्क्युलेटरचं अ‍ॅप टाकून दिलंय. त्यात स्टॅकच्या खालच्या दोन ओळी एकदम दिसतात, ११सीवर एकच दिसते. पुढचं काम कागदी पट्टीवर छापणाऱ्या यंत्राचं: त्यात ८ वजा ३ साठी ८ +=, ३ − असं आकड्यानंतर चिन्ह दाबतात. पतपेढीत वर्षानुवर्षं ते वापरलेलं कोणी ओळखीचं असेल, तर त्यांना साधा कॅल्क्युलेटर देऊन बघा आणि बोटं कुठे अडतात ते इथे लिहा.