वर बर्फ, खाली सहाशे अंश

जूनमधली गोष्ट. मासेमारी बंद, जेटीवर ट्रॉलर एकमेकांना बांधून ठेवलेले, किनाऱ्यावरचे खाण्यापिण्याचे शॅक तर कधीचेच मोडून झाकून झालेले. बर्फाला गिऱ्हाईक म्हणजे बाहेरच्या राज्यांतून आलेली मासळी विकणाऱ्या बाजारातल्या बायका, तेवढंच. भाचा म्हापशाहून गाडी घेऊन आला, चावी खुंटीला लावली आणि जेवायला बसता बसता म्हणाला, "मामा, तो दिवा परत पेटलेला. मी गाडी बंद करून चालू केली, गेला."

मी "बरं" म्हटलं आणि आमटी वाढून घेतली. ते "बरं" पुढे फार महाग पडलं.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी गोव्यात चोपड्याला राहतो, शिवोलीचा पूल ओलांडला की लगेच. पिकअप आहे, बर्फ पोचवतो. पहाटे चारला म्हापशाच्या बाजूच्या कारखान्यात लाद्या भरायच्या, खाली भाताचं तूस, वर गोणपाट आणि ताडपत्री. मग शिवोलीचा बाजार, शापोऱ्याची जेटी, आणि सीझन असेल तर दुपारी मोरजी, आश्वे, मांद्र्याचे शॅक. ऐकायला मोठा फेरा वाटतो, पण गाडी सलग दहा किलोमीटर कुठेच पळत नाही. दोन लाद्या उतरव, थांब. गल्लीत शीर, रिव्हर्स घे, थांब. जेटीवर ट्रॉलरची वाट बघत अर्धा तास इंजिन चालूच, कारण आत एसी आणि भाच्याच्या हातात फोन.

जुनी गाडी बीएस-४ होती, म्हणजे धुराच्या जुन्या सरकारी नियमांतली. तिला हे सगळं चालायचं. धूर सोडायची, पण चालायची. बीएस-६ देशभर १ एप्रिल २०२० पासून आली आणि त्यानंतर घेतलेल्या माझ्या या गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक डबा आला: डीपीएफ. डिझेलच्या धुरातली काजळी पकडणारी गाळणी. शोरूममधल्या पोराने चावी देताना हार घातला, पेढा दिला, फोटो काढला. या डब्याबद्दल एक शब्द सांगितला नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं म्हणे. पुस्तक अजून प्लॅस्टिकमध्ये होतं, हेही खरं.

तर तो दिवा. पाइपाच्या चित्रात ठिपके, असा पिवळा दिवा. त्याचा अर्थ "बिघाड झाला" असा नसतो. अर्थ असतो, "पोट भरलंय, जरा पळव मला." गाळणीत काजळी साठली की ती तिथेच जाळून टाकायची, याला रिजनरेशन म्हणतात, आमच्याकडे सगळे नुसतं "रिजन" म्हणतात. काजळी जळायला साडेपाचशे-सहाशे अंश लागतात. मांद्र्याच्या गल्लीत दुसऱ्या गिअरवर फिरणाऱ्या गाडीच्या सायलेन्सरला एवढी गरमी कुठून येणार? म्हणून गाडीचा कॉम्प्युटर एक युक्ती करतो. इंजिनातला नेहमीचा स्फोट होऊन गेल्यावर थोडं जास्तीचं डिझेल उशिरा मारतो. ते सिलिंडरात न जळता पुढे जातं, गाळणीच्या आधीच्या कॅटॅलिस्टमध्ये पेटतं आणि त्याच्या आचेने काजळी जळते. म्हणजे माझ्या गाडीत वर बर्फ असतो आणि त्याच्या दोन हात खाली भट्टी.

ही भट्टी पेटल्याचं कळतं, लक्ष असेल तर. उभ्या गाडीचं आयडलिंग चढतं, पंखा उगाचच जोरात फिरतो, आवाज जाड होतो, तापल्या लोखंडाचा वास येतो. नेमकं त्याच वेळी जेटी आली म्हणून आपण चावी फिरवतो. भट्टी अर्धवट विझते. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेटते, पुन्हा आपण विझवतो. आणि ते जास्तीचं मारलेलं डिझेल? त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये जातं.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की दिवा आधी पिवळा होता, मग लुकलुकायला लागला, मग बाजूला इंजिनचाही दिवा लागला, आणि एका सकाळी शिवोलीच्या पुलावर गाडीने मान टाकली. बंद नाही पडली. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून चाळीसच्या वर जाईना. मागे नोकरीला निघालेल्यांची रांग, प्रत्येकाचा हात हॉर्नवर, आणि माझ्या मागून लाद्यांचं पाणी टपटप रस्त्यावर.

सर्व्हिस सेंटरने कॉम्प्युटर लावून उभ्या गाडीत रिजन करून दिलं. बिल दिलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच, पुन्हा बिल. तिसऱ्या वेळी काउंटरवरच्या माणसाने मान न वर करता सांगितलं, "फिल्टर बदलावा लागेल." आकडा ऐकून मी खुर्चीवर बसलो. त्याने पाणी आणून दिलं, एवढा तो सज्जन.

मधल्या काळात मी एक चांगली सवय लावून घेतली होती. दिवा लागला की रात्री जेवून रिकामी गाडी काढायची, धारगळला हायवेला लागायचं आणि पत्रादेवीपर्यंत पळवायची. वेग फार नको, पण तो एकसारखा हवा: गिअर एक खालचा, आरपीएम दोन हजारांच्या वर, वीस-पंचवीस मिनिटं न थांबता. टाकीत डिझेल पाव टाकीच्या वर हवं, नाहीतर बऱ्याच गाड्या रिजन सुरूच करत नाहीत. मालपेच्या चढाला इंजिनवर बरा भार येतो, तिथे काम होतं. एकदा पत्रादेवीच्या अलीकडे मी तिसऱ्यांदा वळसा घेतला तेव्हा एका पोलिसाने हात केला. रात्रीचे अकरा, रिकामी पिकअप, सीमेपर्यंत येते आणि परत जाते. पलीकडे महाराष्ट्र, आणि दारूचा भाव इकडे वेगळा, तिकडे वेगळा. त्याच्या जागी मी असतो तर मीही हात केला असता. हौदा उघडून दाखवला, आत ओलं तूस. "मग करता काय?" मी म्हटलं, "साहेब, काजळी जाळतो." त्याने माझं तोंड हुंगलं.

तर पळवल्यावर दिवा जायचा. पण पूर्वी जो पाचशे किलोमीटरला यायचा तो दोनशेला यायला लागला, मग शंभरला. इथे मी चुकत होतो. मला वाटत होतं माझं पळवणं कमी पडतंय. सर्व्हिस सेंटरला वाटत होतं गाळणी संपली. एवढी काजळी येते कुठून, हा प्रश्न कोणीच विचारत नव्हतं.

तो विचारला आमच्या बाजूच्या एका मेस्ताने, म्हणजे मेकॅनिकने. म्हातारा माणूस, आयुष्य खाणीच्या ट्रकांखाली गेलेलं. कॉम्प्युटर त्याच्याकडेही आहे, पुतण्या चालवतो, पण तो आधी बॉनेट उघडतो. "कितें जालें?" मी सगळं पुराण सांगितलं. त्याने आधी ऑइलची डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. मी खूश होऊन म्हटलं, "बघा, ऑइल अजिबात खात नाही." त्याने डिपस्टिक माझ्या नाकाखाली धरली. डिझेलचा वास. "हे वाढलेलं ऑइल नव्हे, पात्रांव. हे तुझं अर्धवट विझवलेलं डिझेल." पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, इंजिनात दाबून हवा भरणारा टर्बो खातं. ते त्याने तिथल्या तिथे काढून टाकलं.

मग बॅटरी घेऊन टर्बोपासून हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जाणाऱ्या जाड रबरी पाइपावर प्रकाश फिरवत गेला. पाइपाच्या एका टोकाला, क्लॅम्पच्या खाली, तेलकट काळा ओघळ. बोटाएवढा रुंद, त्यावर धूळ बसून मखमलीसारखा झालेला. क्लॅम्प गंजून निम्मा उरला होता. मला गाडीत बसवलं, रेस करायला सांगितलं आणि त्या जागी साबणाचं पाणी शिंपडलं. खाली उतरून बघतो तर फेस फुगतोय, फुटतोय, फुगतोय.

त्याने समजावलं ते असं. इंजिनात किती हवा आली ते आधी मोजतात आणि त्या हिशोबाने डिझेल मारतात. माझी मोजलेली हवा वाटेतच गळत होती. डिझेल पूर्ण, हवा कमी, म्हणजे काजळी. जुन्या गाडीत असं झालं असतं तर मागून काळा धूर दिसला असता, मागच्या स्कूटरवाल्याने शिवी दिली असती आणि मी दुसऱ्याच दिवशी गॅरेजला गेलो असतो. इथे धूर गाळणीने गिळला. पुरावाच नाहीसा! टर्बो तेल सोडतोय, इंजेक्टर गळतोय, थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर अडकलाय, यातलं काहीही असलं तरी मागचं नळकांडं स्वच्छ, आणि आळ येतो गाळणीवर. पूर्वी धूर बोलायचा, आता तो दिवा बोलतो, आणि आम्ही चावी फिरवून त्याचं तोंड बंद करतो.

क्लॅम्प गंजला कसा, तेही माझंच कर्तृत्व. परतताना मी कधी कधी मासळीचे क्रेट आणतो. हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात पत्र्याला एक भोक पडलं होतं, खारं पाणी तिथून खाली झिरपायचं आणि पुढे ब्रेक मारला की उडून नेमकं तिथे. भोक बुजवलं, हौद्याला मागे उतार देऊन नळी काढली. स्टीलचा नवा क्लॅम्प, पाइपाचा तुकडा, ऑइल, ऑइलचा फिल्टर. सगळं मिळून सर्व्हिस सेंटरच्या त्या रिजनच्या एका बिलापेक्षा कमी. जाता जाता गाळणीच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन बारीक नळ्याही त्याने फुंकून बघितल्या. त्या चिरल्या किंवा चोंदल्या तरी गाडी खोटं बोलते, गाळणी रिकामी असून भरली म्हणते.

त्याने आणखी एक फरक सांगितला, तो मी घरी स्वयंपाकघरात सांगितला तर बायकोला लगेच कळला. काजळी वेगळी, राख वेगळी. काजळी जळते. राख हे जळून उरलेलं, ती कितीही पळवलं तरी जात नाही. ती येते मुख्यतः इंजिन ऑइलमधून, म्हणून या गाड्यांना कमी राखेचं, लो-सॅप्स ऑइल घालायचं असतं. मी काय घालत होतो? जुन्या गाडीसाठी आणलेल्या डब्यातलं उरलेलं. राखेने भरलेली गाळणी काढून साफ करावी लागते किंवा बदलावी लागते. माझी अजून तिथे पोचलेली नाही.

एक सल्ला मला म्हापशात मिळाला होता, तोही सांगतो, कारण तो सगळ्यांनाच मिळतो. "डबा आतून पोकळ करून टाकतो, कॉम्प्युटरमधून दिवाच उडवतो, कटकट संपली." मी नाही म्हटलं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही, आणि धंद्याच्या गाडीला फिटनेससाठी उभं राहावं लागतं, हे एक कारण. खरं कारण वेगळं आहे. बर्फ उतरवताना गाडीच्या मागे कोण उभं असतं? मी. इंजिन चालू, तोंड सायलेन्सरपासून चार फुटांवर, दिवसातून तीस वेळा. जुन्या गाडीच्या वेळी संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. आता नळकांड्यात बोट फिरवून बघतो तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. ज्या दिवशी काळं निघेल त्या दिवशी समजायचं की गाळणी आत कुठेतरी तडकली.

आता दिवा परत चारशे-पाचशेला एकदा येतो. जेटीवर इंजिन बंद. रिजन चालू असताना कारखान्याच्या आवारात शिरत नाही, तिथे जमिनीवर सुकं तूस पसरलेलं असतं आणि आपल्या पोटाखाली भट्टी असते. आणि भाच्याला मी खडसावून सांगून ठेवलंय: दिवा पेटला की चावीला हात लावायचा नाही, सरळ हायवे गाठायचा.

पोरगं तसं शब्दाला पक्कं. परवा सकाळी पावणेसहाला शापोऱ्याहून दोन फोन आले, बर्फ कुठे म्हणून. मी भाच्याला लावला.

"मामा, काळजी नको. दिवा पेटला, मी बंद नाही केली. आता मालपे चढतोय."

"आणि लाद्या?"

"आहेत ना, मागे."

हौद्यात बारा लाद्या होत्या. शापोऱ्याला पोचल्या तेव्हा नऊ भरतील एवढ्या.