दाबलेलं बटण कुठवर पोहोचलं?

मी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरते हे कळलं की लोक बहुतेक एकच प्रश्न विचारतात, शब्द तेवढे वेगळे असतात. "कीबोर्ड मध्येच बंद पडतो, काय करू?" "माउस अडखळतो, ड्रायव्हर कुठून घेऊ?" आणि शेवटी हमखास, "पुन्हा इन्स्टॉल करून टाकू का?" आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

पुन्हा इन्स्टॉल करू नका. ड्रायव्हरच्या मागेही लागू नका. साध्या यूएसबी माउस-कीबोर्डचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आधीपासूनच असतो. आधी फक्त एवढंच शोधायचं की तुम्ही दाबलेलं बटण कुठवर पोहोचतंय.

बटण दाबलं की ते सगळ्यात आधी कर्नलला कळतं. कर्नल त्याचा एक इव्हेंट, म्हणजे काय घडलं याची नोंद, तयार करतो. तो इव्हेंट लिबइनपुट नावाची लायब्ररी वाचते. २०१४मध्ये ती वेस्टन या प्रकल्पातून वेगळी काढली गेली आणि आज बहुतेक डेस्कटॉप (खिडक्या, मेनू दाखवणारा भाग) तिच्यावरच चालतात. पुढे डेस्कटॉपकडे गेल्यावर कीबोर्डचा लेआउट लागू होतो, शॉर्टकट असेल तर तो तिथेच उचलला जातो आणि उरलेलं तुमच्या ॲपच्या हाती पडतं. या वाटेवर कुठे अडलं हे न बघता केलेला उपाय म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

बघायचं कसं? टर्मिनल उघडा आणि 'सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' (sudo libinput debug-events) ही कमांड चालवा. काही डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे लिनक्सच्या काही प्रकारांत, त्यासाठी लिबइनपुट-टूल्स हे पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. कीबोर्डच बंद असेल तर दुसरा कुठलाही कीबोर्ड तात्पुरता जोडा. आता माउस हलवा, एखादं बटण दाबा. प्रत्येक हालचालीला एक ओळ उमटायला हवी: कुठलं उपकरण, काय घडलं, कितव्या सेकंदाला. कोणती अक्षरं दाबली ते मात्र दिसणार नाही, त्या जागी चांदण्या (***) दिसतील. हे मुद्दाम केलेलं आहे. ही नोंद लोक मदतीसाठी दुसऱ्यांना पाठवतात, तिच्यातून पासवर्ड बाहेर जाऊ नये म्हणून. कुणीतरी एवढा पुढचा विचार करून ठेवलाय याचं मला फार अप्रूप वाटतं.

बटण दाबल्याक्षणी ओळ आली, तर उपकरण, केबल, पोर्ट, कर्नल सगळं ठीक आहे. दोष वरच्या अंगाला, डेस्कटॉपमध्ये किंवा ॲपमध्ये शोधायचा. ओळ आलीच नाही, तर खालच्या अंगाला उतरायचं. कर्नलचे संदेश दाखवणारी 'डीमेसेज' कमांड डब्ल्यू पर्यायासह (dmesg -w) चालू ठेवा, यूएसबी काढून परत लावा. नवं उपकरण सापडल्याच्या ओळी आल्या नाहीत तर पोर्ट बदला, केबल बदला, दुसऱ्या मशीनवर लावून बघा. तिथे सेटिंग्जमध्ये डोकं घालून काही मिळणार नाही.

या एका तपासणीने केवढा वेळ वाचतो याचं उदाहरण देते. एका सहकाऱ्याचा कीबोर्ड अचानक मुका झाला. भराभर टाइप केलं तर एकही अक्षर नाही, एखादं बटण जोरात दाबलं तर उमटायचं. म्हणजे कीबोर्ड गेला, असं समजून त्यांनी दुसरा आणला, तोही तसाच. डीबग-इव्हेंट्स लावून पाहिलं तर ओळी धडाधड येत होत्या, अगदी हलक्या स्पर्शालाही. म्हणजे कर्नलपर्यंत सगळं पोहोचत होतं आणि डेस्कटॉप ते टाकून देत होता. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये स्लो कीज चालू झालं होतं. या सोयीत बटण थोडा वेळ दाबून धरल्याशिवाय मोजलं जात नाही; ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी ती फार मोलाची आहे. पण कीबोर्डवरूनच ती चालू करण्याची मुभा असेल, तर शिफ्ट आठ सेकंद दाबून धरल्यावर ती सुरू होते. वाचताना हात शिफ्टवर टेकून राहिला की झालं. जोर लावल्यावर अक्षर उमटत होतं ते जोरामुळे नाही, बटण जास्त वेळ दाबलं गेल्यामुळे. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबल्यावर चालू होणारं स्टिकी कीज हे तिचंच भावंड.

वायरलेस माउस अडखळत असेल तर सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी त्याचा रिसीव्हर कुठे खोचलाय ते बघा. हे रिसीव्हर साधारण २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि यूएसबी ३.० चालू असताना त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट सांडतो. इंटेलने २०१२मध्ये यावर तांत्रिक टिपणच काढलं होतं. एक्स्टर्नल डिस्कच्या शेजारी रिसीव्हर लावला आणि कॉपी सुरू केली की पॉइंटर उड्या मारायला लागतो. छोटी एक्स्टेन्शन केबल घेऊन रिसीव्हर थोडा लांब आणा. कॉपी थांबल्यावर माउस सुधारतो का, एवढं पाहिलं तरी निदान होतं.

माउस थोडा वेळ न वापरता ठेवला आणि मग पहिलं हलवणं वाया जात असेल, क्लिक केल्यावरच तो जागा होत असेल, तर ते वीज वाचवण्याचं काम आहे. यूएसबी उपकरण दोन सेकंद स्वस्थ राहिलं की कर्नल त्याला झोपवू शकतो. माउस-कीबोर्डला सहसा यातून वगळलेलं असतं, पण पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या प्रोग्रॅमचं ऑटो-ट्यून चालवलं की तेही झोपणाऱ्यांत जातात. त्या एका उपकरणाचं पॉवर कंट्रोल 'ऑटो'वरून 'ऑन' करा, किंवा ऑटो-ट्यूनच काढून टाका.

एका क्लिकला दोन क्लिक होत असतील तर बहुधा बटणाखालचा स्विच झिजलाय. लिबइनपुट काही प्रमाणात हे ओळखून सांभाळून घेतं, पण माउसचे दिवस भरत आलेत हे समजा.

मेकॅनिकल कीबोर्डवर एफ१ दाबल्यावर ब्राइटनेस कमी होते, हीही नेहमीची तक्रार. काही कीबोर्ड स्वतःची ओळख ॲपलचा कीबोर्ड म्हणून देतात, मग कर्नल त्यांना ॲपलचाच ड्रायव्हर लावतो. त्या ड्रायव्हरचा 'एफएनमोड' पर्याय २ केला की एफच्या कळा सरळ चालायला लागतात.

ब्लूटूथवाल्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एकाच मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम असतील तर पेअरिंगची किल्ली दोन्हींकडे वेगवेगळी असते. तिकडे पेअर केलं की इकडचं तुटतं, यात बिघाड काही नाही. आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर सुरुवातीला पासवर्ड विचारला जातो तेव्हा ब्लूटूथ सहसा जागंच नसतं. वायरचा एक कीबोर्ड घरात असू द्या.

जुन्या सल्ल्यांपासून मात्र सावध राहा, याबद्दल मला खरोखर कळकळ आहे. एक्समॉडमॅप, एक्सइनपुट या कमांडचे उतारे अजून सगळीकडे फिरतात. ते एक्स सर्व्हरच्या, म्हणजे पडद्यावरचं चित्र आणि इनपुट सांभाळणाऱ्या जुन्या व्यवस्थेच्या, काळातले. फेडोराचा डेस्कटॉप २०१६पासून आणि उबुंटूचा २०२१पासून बहुतेक मशीनवर आपोआप वेलँड या नव्या व्यवस्थेवर चालतो, तिथे या कमांडनी सहसा काहीच बदलत नाही. नवखा माणूस मग पाच-सहा उतारे चिकटवतो, एकाचाही परिणाम दिसत नाही, आणि दोष स्वतःला देतो. आधी सेटिंग्जमध्ये आपण वेलँडवर आहोत की एक्सवर, ते पाहून घ्या.

एवढं करूनही सुटलं नाही, तर तुमच्या मॉडेलचीच काही खोड असू शकते. 'लिबइनपुट रेकॉर्ड'ने त्या उपकरणाचं रेकॉर्डिंग करा आणि कर्नलच्या व्हर्जनसह लिबइनपुट प्रकल्पाकडे बग म्हणून नोंदवा. अशा खोडींची यादी लिबइनपुटमध्येच असते. तुमच्या नोंदीवरून तिच्यात भर पडली तर तेच मॉडेल वापरणाऱ्या सगळ्यांचं काम होतं. अडचण एखाद्या ठरावीक बटणाचीच असेल तर रेकॉर्डिंग करताना चांदण्या काढाव्या लागतील. तेवढ्या वेळात पासवर्ड टाइप करू नका.