वाकड की कोथरूड?
आज दिवसभर पुण्यात भाड्याची घरं बघत फिरलो. वाकडला टॉवर, लिफ्ट, खाली घसरगुंडी, हिंजवडीचं ऑफिसही जवळ. पण वॉचमनकाकांना पाण्याचं विचारलं तर म्हणाले, "उन्हाळ्यात टँकरच." आणि गेटबाहेर धड फुटपाथ नाही, बाबागाडी ढकलायची कुठून?

कोथरूडची इमारत जुनी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. पण खाली भाजीवाली, कोपऱ्यावर बालवाडी, वनाझ मेट्रो चालत गाठता येते. लेक तर जिन्यातच बसली, उठेचना!

माझा प्रवास वाढेल, वाढू दे. दिवसभर घरी बायको आणि लेक असणार, त्यांना पायी फिरता आलं पाहिजे. उद्या टोकन देतोय. करार ११ महिन्यांचा, पण पुढे वाढवू म्हणालेत मालक. कोथरूडकरांनो, जवळपासचे चांगले बालरोगतज्ज्ञ सुचवा ना!