मेलेल्याचं नाव

रविवार, रात्री उशिरा

जपानी दिग्दर्शक किन्जी फुकासाकूचा ‘बॅटल्स विदाऊट ऑनर अँड ह्युमॅनिटी’ आज पुन्हा पाहिला. १९७३चा, तोएई स्टुडिओचा. सुरुवातीलाच अणुबाँबचा ढग, आणि मग थेट १९४६चं कुरे. हिरोशिमाजवळचं बंदर, जिथे ‘यामातो’ ही युद्धनौका बांधली गेली. आता तिथे काळाबाजार आणि सैन्यातून परतलेली बेकार पोरं. त्यातलाच एक शोझो हिरोनो, म्हणजे नट बुंता सुगावारा.

याकुझांच्या, म्हणजे जपानी गुंडटोळ्यांच्या, सिनेमात रक्त फार, ही तक्रार मला पटते. पण या सिनेमाला ती लावायला मन तयार होत नाही. याआधी तोएईच्याच सिनेमांत नायक केन ताकाकुरा तलवार घेऊन निघायचा तो इमान राखायला, आणि मरणसुद्धा देखणं असायचं. फुकासाकूने ते देखणेपण काढून टाकलं. कॅमेरा धक्के खात पळतो, मारणारा स्वतःच घाबरलेला असतो, एका गोळीत काम होत नाही. हिरोनोचा टोळीतला सोबती साकाई मारला जातो तो खेळण्यांच्या दुकानात, लेकरासाठी खरेदी करताना. कुणी मेलं की चित्र गोठतं आणि पडद्यावर त्याचं नाव आणि मृत्यूची तारीख येते. इतका मारधाडीचा सिनेमा, पण बेनाव मरण त्याला चालत नाही.

फुकासाकू १९४५ साली पंधरा वर्षांचा होता, दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला जुंपलेला. तिथे तोफांचा मारा झाला आणि वाचलेल्या पोरांना आपल्याच सोबत्यांचे देह गोळा करावे लागले. हे वाचल्यापासून त्याचा हलता कॅमेरा मला कधीच नुसती शैली वाटला नाही.

ताकेशी किटानोच्या ‘आउटरेज’पाशी (२०१०) मात्र मी अडते. दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसलेल्या म्होरक्याच्या तोंडात ड्रिल घातलं जातं, तो प्रसंग मी आजवर सलग पाहू शकलेले नाही. किटानोचं म्हणणं असं की कोण कसा मरणार हे त्याने आधी ठरवलं आणि गोष्ट नंतर रचली. ते सिनेमात कळतं. माणसं मरणासाठीच आणून उभी केल्यासारखी वाटतात. तरी त्याच्या थंडपणात सत्तेची ओळख आहे: वरच्याने सांगायचं, खालच्याने मारायचं, शेवटी खालच्यालाच संपवायचं.

ताकाशी मिइकेचा ‘इची द किलर’ (२००१) मला नकोच वाटतो. ब्रिटनच्या सेन्सॉरने त्यातली तीनेक मिनिटं कापली, मुख्यतः बायकांवरच्या अत्याचाराची. सिनेमा कापला जाऊ नये असंच माझं मत आहे. पण त्यातल्या बाईच्या वेदनेत कॅमेऱ्याला रस आहे आणि बाईत नाही, याची मला चीड येते. हिंसा दाखवणाऱ्याला चवच लागलेली असेल तर ‘प्रेक्षक हेलावतो’ हा बचाव मी मान्य करणार नाही.

फुकासाकूच्या मालिकेचा दुसरा भाग उद्या बघायचा आहे. त्यात हिरोनो मागे सरतो आणि यामानाका नावाचा कोवळा पोरगा पुढे येतो. त्याचं काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून आज लावला नाही.