शापोऱ्यातली होडी: मधल्या बाकाखालचं पाणी

माझी होडी गोव्यातल्या शापोरा नदीत चालते, रिवेटने जोडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची. तिच्या मधल्या बाकाखाली पाणी कुठून येतंय ते एकदाचं सापडलं. आनंद अर्धाच, कारण रिवेटबरोबर पत्र्यातली चीरही निघाली. चवथीआधी होडी पाण्यात घालायचा बेत गुंडाळून ठेवलाय.

होडीची कुळकथा आधीच्या नोंदींत येऊन गेलीय, ती पुन्हा उगाळत नाही. कण्याच्या मागच्या टोकाकडचे ढिले रिवेट ठोकून झाले होते, ट्रान्समच्या (होडीच्या मागच्या सपाट भिंतीच्या) कोपऱ्यांत सिकाफ्लेक्स २९१ हे सीलंट भरलं होतं. तरी मे महिन्यात चोपड्याहून शिवोलीच्या पुलापर्यंत जाऊन येईतो बाकाखाली तांब्याभर पाणी जमायचंच. किनाऱ्यावर उभी असताना ठणठणीत कोरडी, आणि पाण्यात उतरली की रडायला लागली.

आत पाणी भरून बाहेरून थेंब बघायची चाचणी तुम्ही होडीवाले सगळेच करता. मीही प्रत्येक फासळीखाली फळी लावून केली (घोट्याइतकं पाणी म्हणजे सहज दोनशे किलोवर वजन, नुसत्या दोन ओंडक्यांवर होडी ठेवून हा उद्योग करू नका). तळाला बाहेरून खडूची पूड चोळली की ओला ठिपका लगेच दिसतो. खुणा मात्र काचेवर लिहायच्या मेणाच्या पेन्सिलीनेच करा. शिसपेन्सिलीतल्या ग्राफाइटमुळे खाऱ्या ओलाव्यात रेघेखालचा पत्रा खायला लागतो.

पण ही चाचणी कण्याच्या बाबतीत चकवा देते. आपला कणा म्हणजे तळाला बाहेरून रिवेटने जोडलेली पोकळ पट्टी. आतलं पाणी कुठल्याही खराब रिवेटमधून त्या पोकळीत उतरतं, उताराने मागे वाहत जातं आणि थेंब पडतो तो थेट शेपटीकडे. तिथला रिवेट बिचारा विनाकारण बदनाम. होडी तरंगत असताना उलटा खेळ: पाणी पुढच्या-मागच्या टोकातून पोकळीत शिरतं आणि जिथे वाट मिळेल तिथून वर येतं.

यावर उपाय सुचवला शेजारच्या काकांनी. मांडवीवर खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या यार्डात त्यांनी उमेदीची वर्षं घालवलीत. ते म्हणाले, "पाणी कशाला भरतोस? वारा घाल." कण्याचं पुढचं टोक चिंध्या कोंबून बंद केलं आणि मागच्या टोकाला रबराचा बूच लावून त्यातून काँप्रेसरची हवा सोडली, जेमतेम एक बार दाबाची. आतून कण्याच्या रेषेवर भांडी घासायच्या साबणाचं घट्ट पाणी फासलं. बाकाची बाजूची पट्टी आधीच उघडली होती, त्यामुळे लांब दांड्याचा ब्रश आणि दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला आरसा घेऊन मी आत डोकं खुपसून बसलो. सगळीकडे शांत, आणि बाकात भरलेल्या, होडी तरंगती ठेवणाऱ्या फोमच्या ठोकळ्याच्या कडेला मात्र फेसाचा एक फुगा फुगतोय, फुटतोय, पुन्हा फुगतोय. मी ओरडलो तसे काका चहा टाकून आले.

आधीच्या कुणीतरी तिथे साधा पॉप रिवेट (मधली खिळी ओढून एकाच बाजूने बसवायचा पोकळ रिवेट) ठोकून वर सिलिकॉन फासलं होतं. सिलिकॉन खरवडलं तर खाली पांढरी भुकटी, आणि मधोमध गंजाचा लालसर ठिपका. पॉप रिवेटची मधली खिळी लोखंडी, ती अ‍ॅल्युमिनियमच्या पोटात खाऱ्या पाण्यात बसली की अ‍ॅल्युमिनियमच मरतं. शिवाय उघड्या तोंडाचा पॉप रिवेट मधूनच पाणी सोडतो. डॉली (ठोस रिवेट ठोकताना त्याच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा) पोचतच नसेल तर बंद तोंडाचा, तोही अ‍ॅल्युमिनियमच्या खिळीचा रिवेट घ्या. तुम्हाला ठाऊक आहे, पण दुकानदारांना नाही. ठोस अ‍ॅल्युमिनियम रिवेट मागितले की समोर पॉप रिवेटचं पाकीट, वर "हेच सगळे नेतात" हे ऐकवणं.

रिवेटचं डोकं ड्रिलने उतरवून दांडा पंचने बाहेर काढला. भोक अंड्यासारखं लांबुळकं झालेलं. एवढ्यावर भागलं असतं तर ६.४ मिलिमीटरचा मोठा रिवेट घालून मोकळा झालो असतो, पण भोकाच्या कडेला केसासारखी काळी रेघ दिसली. ओरखडा असेल असं मनाला समजावून बघितलं. मग वेल्डिंगवाल्याकडून डाय पेनेट्रंटचे (चिरेत मुरून ती दाखवणाऱ्या रंगाचे) डबे आणले: लाल रंग फवारला, थांबलो, पुसला, पांढरा डेव्हलपर मारला. पांढऱ्यावर लाल रेघ हळूहळू उमटली. बोटाच्या पेराएवढी, सरळ बाजूच्या पत्र्याकडे निघालेली.

वेल्डिंग करून टाक, असं दोघांनी सांगितलं. नाही करणार. त्या उष्णतेने आजूबाजूचे चांगले रिवेट ढिले होतील आणि सांध्यातलं सीलंट जळेल, म्हणजे एक छिद्र बुजवून चार उघडायची. चिरेच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडून तिची वाट अडवलीय. आता वरून ठिगळ.

ठिगळाआधी छोटी फुशारकी मारू द्या. मोकळा झालोच होतो, म्हणून त्याच रेषेतले दोन डळमळते रिवेट बदलून घेतले. २०१८ ला इथल्या खाणी बंद पडल्यावर एका वर्कशॉपच्या भंगारातून एक रिवेट गन मिळाली होती, ती पहिल्यांदा मनासारखी चालली. पत्रा आणि कण्याची पट्टी असे दोन्ही थर मिळून साडेतीन मिलिमीटर, त्यावर व्यासाच्या दीडपट, म्हणजे ४.८ मिलिमीटरच्या रिवेटला सुमारे अकरा मिलिमीटरची लांबी. काका म्हणाले, "डॉलीवर रेलू नको रे, नुसती टेकवून धर." तसं केलं आणि आतलं डोकं सात मिलिमीटर रुंद, गोल, एका बाजूला न कललेलं. सीलंट चारी बाजूंनी अंगठीसारखं बाहेर आलं. मी त्याचे इतके फोटो काढले की घरच्यांनी हात जोडले.

सीलंटवरून आठवलं: पावसाळ्यात सिकाफ्लेक्ससारखं पॉलियुरेथेन सीलंट हवेतल्या दमटपणावर झपाट्याने साय धरतं. नळी फोडली की सगळं काम लागोपाठ उरका, उरलेली नळी आठवड्यात दगड होते.

ठिगळ आतून लावायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता बाकाकडे बघतोय तर वाटतंय, पूर्ण बाकच उतरवावा. फोम पिळला तर पाणी निघतं. खारं पाणी शोषलेला हा बोळा वर्षानुवर्षं पत्र्याला चिकटून राहणार आणि त्याखाली पत्रा खात राहणार, मग ठिगळाला काय अर्थ? नवा फोम पॉलिइथिलीनचा, कारण पेट्रोल सांडलं तर थर्माकोल विरघळतो. तोही तळाला न टेकवता पट्ट्यांवर उचललेला, म्हणजे खालून पाणी वाहून जाईल. बाक उतरला की डॉलीही सरळ बसेल, बंद तोंडाच्या रिवेटची गरजच संपली.

अ‍ॅनोडचंही जाताजाता सांगतो (होडीऐवजी स्वतः झिजून पत्रा वाचवणारा धातूचा तुकडा). जस्ताचा काढून अ‍ॅल्युमिनियमचा लावतोय. पावसात तिळारीचं गोडं पाणी उतरतं तेव्हा जस्तावर थर बसून तो झोपतो, आणि उन्हाळ्यात तर शापोरा इथपर्यंत खारीच.

आता अडलंय ते पत्र्यावर. म्हापशात मिळतो तो दरवाजे-खिडक्यांचा माल, तो मला होडीच्या तळाला नको. ५०५२ चा (खाऱ्या पाण्यात टिकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा) १.६ मिलिमीटरचा, दोन वितींचा तुकडा पुरेल. पुण्या-मुंबईहून कुणी इकडे येणार असेल आणि वर्कशॉपमध्ये कातरण पडलं असेल, तर कळवा. पैसे आणि दुपारचं हुमण-शीत (माशाची आमटी आणि भात) माझ्याकडून.